पडद्यावरची सुझुकी कोणत्या बाजारपेठेची? ओळख पटवण्याच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

चित्रपटाचं नाव या नोंदींत मुद्दाम दिलेलं नाही. नाव कळलं की लोक आधी आठवणीतून उत्तर देतात आणि मग फ्रेम बघतात. इथे क्रम उलटा हवा.

गाडी सुझुकीच्या एसजे घराण्यातली आहे, यात शंका नाही. चौकोनी बोनेट, गोल हेडलाइट, वर कापडी हूड, मागच्या दारावर स्टेपनी. चित्रीकरण १९९० च्या दशकाच्या शेवटचं. प्रश्न एवढाच, की ही गाडी कोणत्या देशात विकण्यासाठी बनली होती. एकाच गाडीला जपानात जिम्नी, अमेरिकेत सामुराई, ऑस्ट्रेलियात सिएरा, तिथेच होल्डनच्या बॅजखाली ड्रोव्हर, थायलंडमध्ये कॅरिबियन, इंडोनेशियात कटाना, पाकिस्तानात पोटोहार आणि भारतात मारुती जिप्सी म्हणत. युरोपसाठी स्पेनमधल्या लिनारेसच्या सांताना कारखान्यातही ती बनायची. नावं पुष्कळ आणि पत्रा बराचसा सारखा, म्हणून घोळ होतो.

आज फक्त शॉटची यादी केली. गाडी दिसते असे ४६ शॉट. प्रत्येकापुढे वेळ, गाडीची बाजू (डावी, उजवी, पुढून, मागून, आतून), उजेड, आणि गाडी उभी की चालती एवढं लिहिलं. तीन तास गेले. कंटाळवाणं काम आहे, पण पुढच्या प्रत्येक चुकीचा छडा या यादीमुळेच लागला.

६ जानेवारी

दाराच्या खालच्या भागावर ‘सामुराई’ असं मोठं स्टिकर. पुढच्या मडगार्डवर पिवळसर दिवा. दोन्ही मिळून ‘अमेरिकन सामुराई’ असं लिहून टाकलं आणि त्याच दिशेने चार तास घालवले. ते चारही तास वाया गेले.

स्टिकर कोणीही लावतं, त्यामुळे त्याला पुरावा म्हणणं हीच चूक. दिव्याची चूक जरा बारीक आहे. अमेरिकेत १९६८ पासून गाडीच्या बाजूला दिवे किंवा रिफ्लेक्टर आणि १९७० पासून दोन्ही सक्तीचे आहेत. पुढे पिवळे, मागे लाल. याला साइड मार्कर म्हणतात. पण बाकीच्या जगात मडगार्डवर पिवळा दिवा असतो तो इंडिकेटरचा जोडीदार, म्हणजे साइड रिपीटर. दिवसा उजेडी दोन्ही दिसायला सारखेच.

फरक रात्रीच्या सीनमध्ये कळतो. मार्कर पार्किंग लाइटबरोबर सतत जळतो. (काही गाड्यांत वळताना तोच लुकलुकतोही, म्हणून नुसतं लुकलुकणं बघून निकाल देऊ नये.) रिपीटर इंडिकेटर दिला तरच पेटतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एक पूर्ण चक्र १२ ते २४ फ्रेमचं होतं. म्हणून एकच फ्रेम थांबवून ‘दिवा बंद आहे’ असं म्हणता येत नाही; सलग निदान २४ फ्रेम एकेक करून पुढे न्याव्या लागतात.

शॉट ३१ रात्रीचा आहे, हेडलाइट चालू. ६० फ्रेम एकेक करून बघितल्या. मडगार्डवरचा दिवा सगळ्यांत अंधारात. शॉट ३२ मध्ये गाडी वळते, तेव्हा तोच दिवा पुढच्या इंडिकेटरबरोबर पेटतो आणि विझतो. म्हणजे रिपीटर. मागच्या पत्र्यावर लाल मार्कर नाही, आणि तो काढून भोक बुजवल्याची खूणही नाही. अमेरिकन बाजारपेठ जवळपास बाद.

गोल हेडलाइटवरही थोडा वेळ गेला. सात इंची गोल दिवा जगभर एकाच मापाचा, कुठलाही कुठेही बसतो. पुरावा म्हणून उपयोग शून्य.

९ जानेवारी

स्क्रूवर बसतं ते सगळं बाजूला ठेवायचं ठरवलं: ग्रिल, बॅज, स्टिकर, नंबर प्लेट, आरसे, दिवे. चित्रपटासाठी गाडी सजवणारे लोक हेच बदलतात आणि त्याला अर्धा दिवसही लागत नाही. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर), ॲक्सलची रुंदी आणि स्टिअरिंगची बाजू बदलायला कोणी जात नाही. तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

व्हीलबेसचा फायदा असा, की आखूड एसजेचा तो २०३० मिमी आणि जिप्सीचा २३७५ मिमी. फरक सुमारे १७ टक्के. चित्रपटाच्या फ्रेमवरून एवढा फरक पकडता यायलाच हवा.

शॉट १२ मध्ये गाडी डांबरी रस्त्यावर जवळजवळ आडवी उभी आहे. डीव्हीडीवरून फ्रेम काढली आणि पिक्सेल मोजले. व्हीलबेस ३३३ पिक्सेल, रिमची उंची ८३ पिक्सेल. रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिमी, असं धरून हिशेब केला. उत्तर आलं १५३० मिमी. एवढ्या व्हीलबेसची एसजे कधी निघालीच नाही.

कारण चाकाकडे बघताच दिसलं. चाक गोल नव्हतं, उभट अंडाकृती होतं: टायर ९४ पिक्सेल रुंद आणि १३३ पिक्सेल उंच. डीव्हीडीवर रुंद पडद्याचं चित्र ७२० × ५७६ मध्ये आडवं दाबून ठेवलेलं असतं. बघताना प्लेअर ते १०२४ × ५७६ करून दाखवतो, पण कच्ची फ्रेम काढली की ती दाबलेलीच येते. ताणून सरळ केल्यावर व्हीलबेस ४७४ पिक्सेल झाला आणि टायर गोल झाला. फ्रेम हातात आल्यावर सगळ्यात आधी आडव्या उभ्या गाडीचं मागचं चाक गोल आहे का ते तपासायचं. दोन मिनिटांचं काम.

१० जानेवारी

सरळ केलेल्या फ्रेमवर पुन्हा हिशेब: ३८१ भागिले ८३, गुणिले ४७४. उत्तर २१८० मिमी. २०३० ही नाही, २३७५ ही नाही, बरोबर अधेमधे. कोणी चॅसी कापून जोडली असेल का, इथपर्यंत विचार गेला. संध्याकाळ त्यातच संपली.

११ जानेवारी

चूक रिममध्ये होती. १५ इंच हे माप टायरची कड रिमवर जिथे बसते तिथलं. बाहेरून डोळ्याला दिसते ती रिमची उभी कड, फ्लँज, त्याहून सभोवार सुमारे १७ मिमी उंच असते. म्हणजे फ्रेममध्ये दिसणाऱ्या १५ इंची स्टील रिमचा बाहेरचा व्यास सुमारे ४१५ मिमी. ३८१ धरलं की प्रत्येक माप आठ टक्क्यांनी कमी येतं. पुन्हा हिशेब: ४१५ भागिले ८३, गुणिले ४७४, म्हणजे २३७० मिमी.

हे इथे ठळक लिहून ठेवतो, कारण चाकावरून माप काढणारा जवळपास प्रत्येक जण इथे फसतो: १५ इंची रिम दिसते ४१५ मिमी, १६ इंची रिम दिसते सुमारे ४४० मिमी.

पण रिम १५ इंचीच आहे हे कशावरून? जपानच्या छोट्या इंजिनाच्या जिम्नीला १६ इंची चाकं असायची. इथे अंदाज चालणार नाही, वेगळी मोजपट्टी हवी.

१३ जानेवारी

ती मोजपट्टी चाकातच आहे. या घराण्याच्या चाकाला पाच नट, आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १३९.७ मिमी. रिम कोणत्याही इंचाची असो, हब तोच राहतो. पाच नट असल्यामुळे समोरासमोर दोन नट येत नाहीत, म्हणून व्यास थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन नटांच्या मध्यांतलं अंतर ८२.१ मिमी आणि एक सोडून पुढच्या नटापर्यंतचं १३२.९ मिमी. मोजायला दुसरं घ्यावं. लांब अंतरात पिक्सेलची चूक कमी बोचते.

डीव्हीडीवर नट म्हणजे दोन-तीन पिक्सेलचे ठिपके होते. ब्लू-रे मिळवून तीच फ्रेम १९२० × १०८० मध्ये काढली. एक सोडून दोन नट: ४९.५ पिक्सेल. रिमची बाहेरची कड: १५५ पिक्सेल. नटांवरून रिमचा व्यास ४१६ मिमी निघतो, म्हणजे रिम १५ इंची. व्हीलबेस ८८८ पिक्सेल: रिमच्या मोजपट्टीने २३७८ मिमी, नटांच्या मोजपट्टीने २३८४ मिमी. दोन स्वतंत्र मोजपट्ट्या एकाच जागी आल्या. गाडी लांब व्हीलबेसची, हे पक्कं.

टायर २५० पिक्सेल, म्हणजे सुमारे ६७० मिमी. २०५/७० आर १५ टायरचा हिशेबी व्यास ६६८ मिमी. हा आकडा पुढे लागणार आहे.

मोजताना पाळायच्या गोष्टी. मागचं चाक घ्यावं, पुढचं थोडं वळलेलं असलं तर फसवतं. गाडी जराशी तिरकी असेल तर व्हीलबेस आखूड दिसतो. तेव्हा रिमची उंची न घेता आडवी रुंदी मोजपट्टी म्हणून घ्यावी, कारण ती व्हीलबेसच्या प्रमाणातच आखडते. १० अंश तिरकेपणाने दीड टक्का फरक पडतो, २० अंशांनी सहा टक्के. तिरक्या गाडीचं कॅमेऱ्याजवळचं चाक मोठं दिसतं, म्हणून पुढची-मागची सरासरी घ्यावी. आणि गाडी फ्रेमच्या मधोमध असलेला शॉट निवडावा; रुंद लेन्समध्ये कडेची चाकं बाहेर ताणली जातात.

१४ जानेवारी

२३७५ च्या व्हीलबेसवर पिकअपही निघाल्या, आणि पिकअपच्या हौद्यावर ताडपत्री टाकली की दुरून फसायला होतं. शॉट १९ मध्ये हूड वर गुंडाळलेलं आहे. दारामागचा पत्रा सलग मागच्या दारापर्यंत जातो. केबिनची मागची भिंत नाही, हौदा आणि केबिन यांच्यात फट नाही. मागे दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकं. पिकअप बाद. लांब व्हीलबेस, सलग टब (म्हणजे गाडीचं वरून उघडं पत्र्याचं अंग) आणि बाजूची बाकं हे वर्णन जिप्सीचं आहे.

१६ जानेवारी

शॉट २७ ने सगळं पुन्हा हलवलं. यात स्टिअरिंग डावीकडे. जिप्सी उजव्या स्टिअरिंगची. दोन गाड्या वापरल्या असाव्यात असं धरून सगळ्या शॉटची दोन गटांत विभागणी सुरू केली. तीन तासांनी लक्षात आलं, की फ्रेमच उलटवलेली आहे.

संकलक दिशा जुळवण्यासाठी शॉट आरशात दिसावा तसा उलटवतात. वाहनाच्या कामात हा फार वाईट सापळा. अक्षरं दिसत असतील तर लगेच कळतं, पण अशा शॉटमध्ये अक्षरं टाळलेलीच असतात. इथेही दारावरचं स्टिकर फ्रेमबाहेर होतं. शेवटी चालकाच्या शर्टाने सांगितलं. पुरुषांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या हाताच्या पट्टीवर असतात. इथे ती डावीकडे होती. घड्याळही आधीच्या शॉटमध्ये डाव्या मनगटावर, इथे उजव्या. एक खूण पुरत नाही, दोन जुळल्या की मानावं.

आता यादीत नवा रकाना: ‘उलटवलेली?’ तपासून झाल्याशिवाय त्या शॉटमधलं डावं-उजवं काहीही नोंदवायचं नाही. ४६ पैकी दोन शॉट उलटवलेले निघाले.

१८ जानेवारी

शॉट ३८, डॅशबोर्डचा क्लोज-अप. हा मात्र खरोखर वेगळा आहे.

स्पीडोमीटरवर मोठे आकडे मैलांचे, आतल्या वर्तुळात लहान आकडे किलोमीटरचे. आकडे सरळ वाचता येतात, म्हणजे फ्रेम उलटवलेली नाही. डायलच्या डाव्या हाताला लगेच दाराचा खांब, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. मैल आणि डावं स्टिअरिंग. ब्रिटनमध्ये मैल असले तरी स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून ब्रिटन बाद.

निकाल देणारी फ्रेम चावी फिरवतानाची आहे. इंजिन सुरू होण्याआधी सगळे इशारादिवे क्षणभर पेटतात. तेवढ्या फ्रेम एकेक करून बघाव्यात. इथे सातव्या फ्रेममध्ये डायलखाली लाल अक्षरं पेटतात: ‘ब्रेक’, इंग्रजीत, पूर्ण शब्द. वर्तुळातलं उद्गारचिन्ह एकटं नाही. अमेरिकेच्या नियमात हा शब्दच लागतो. अक्षरांच्या कडा उजेडात थोड्या फुटल्या आहेत, पण पाचही अक्षरं मोजता येतात.

म्हणजे डॅशबोर्डचा क्लोज-अप अमेरिकन सामुराईचा आणि बाहेरून दिसते ती गाडी दुसरी. असे क्लोज-अप बऱ्याचदा मुख्य चित्रीकरण संपल्यावर हाताशी असलेल्या गाडीत घेतात. बाहेरच्या गाडीची ओळख आतल्या क्लोज-अपवरून पटवायची नाही. ६ तारखेला हा शॉट आधी बघितला असता, तर ‘अमेरिकन’ हा चुकीचा निकाल आणखी पक्का झाला असता.

२१ जानेवारी

आता वर्षाचा प्रश्न. १९८५ ची पहिली जिप्सी एमजी४१०, ९७० सीसी. १९९३ मध्ये एमजी४१०डब्ल्यू आली, तिचा ट्रॅक (डाव्या आणि उजव्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ९० मिमीने वाढवून पुढे १३०० आणि मागे १३१० केला. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग. म्हणून मागून ट्रॅक मोजायचा: १२२० की १३१०.

शॉट २२, गाडी पाठमोरी, रस्ता सपाट. दारावरची स्टेपनी पूर्ण गोल दिसते म्हणून तीच मोजपट्टी धरली. उत्तर ११२० मिमी, कुठल्याही जिप्सीपेक्षा अरुंद. स्टेपनी मागच्या ॲक्सलपेक्षा कॅमेऱ्याला सुमारे मीटरभर जवळ आहे. कॅमेरा सहा मीटरवर असेल तर ॲक्सल सात मीटरवर पडतो, आणि फरक थेट १४ टक्के. मोजपट्टी आणि मोजायची वस्तू एकाच अंतरावर हवी. नंबर प्लेटच्या रुंदीवरून हिशेब करणारेही याच कारणाने फसतात.

२२ जानेवारी

मागच्या टायरचीच उंची घेतली: २१० पिक्सेल. टायर वजनाने खाली १५ ते २५ मिमी दबतो, म्हणून ६६८ ऐवजी ६५० धरलं. दोन्ही टायरच्या मध्यांतलं अंतर ४२३ पिक्सेल. ट्रॅक १३०९ मिमी. दबणं विसरून ६६८ धरलं असतं तर १३४५ आला असता. अरुंद ॲक्सलचा १२२० यायला हे अंतर ३९४ पिक्सेल हवं होतं. २९ पिक्सेलची चूक इतक्या स्वच्छ फ्रेममध्ये होत नाही.

एक शंका उरते: बाहेर काढलेल्या रिम लावल्या तरी ट्रॅक वाढतो. शॉट १२ मधली रिम साधी स्टीलची, पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांत तबकडीची खोली सारखी, नटांवर स्पेसरची, म्हणजे चाक बाहेर ढकलणाऱ्या चकतीची, कड दिसत नाही. शिवाय टायरची बाहेरची बाजू टबच्या पत्र्याबाहेर येते आणि तिथे चाकावरची प्लास्टिकची पट्टी आहे. पट्टी एकटी असती तर तिला किंमत दिली नसती. टायर पत्र्याबाहेर असणं महत्त्वाचं.

गाडी १९९३ नंतरची.

२४ जानेवारी

एमजी४१० ला चार गिअर, किंगला पाच. शॉट ४१ मध्ये गिअरच्या मुठीवरचा नकाशा दीड सेकंद दिसतो. हात डावा, म्हणजे गाडी उजव्या स्टिअरिंगची; घड्याळ त्याच हातावर, फ्रेम उलटवलेली नाही. नकाशात पाचवा आकडा स्पष्ट आहे. मूठ फिरवून काढता येते, त्यामुळे ही खूण ट्रॅकच्या मापाच्या तोडीची नाही. इंजिनाच्या आवाजावर काहीच ठरवलं नाही. आवाज बहुधा नंतर स्टुडिओत चढवलेला असतो.

२७ जानेवारी

शॉट १२ आणि २२ च्या फ्रेम, निष्कर्ष न सांगता, दुसऱ्या जाणकाराकडे मोजायला दिल्या. सोबत फक्त तीन आकडे: नटांचं अंतर १३२.९, रिम ४१५, दबलेला टायर ६५०. परत आलेली मापं: व्हीलबेस २३६४, ट्रॅक १३०२.

नोंदवलेली ओळख अशी. बाहेरची गाडी: मारुती जिप्सी, रुंद ट्रॅक, १९९३ किंवा नंतरची, आधार व्हीलबेस, टब, ट्रॅक, स्टिअरिंग. जिप्सी किंग: बहुधा, आधार फक्त मुठीवरचा नकाशा. शॉट ३८ चा डॅशबोर्ड: अमेरिकन सामुराई, वेगळी गाडी. दारावरचं नाव: नंतर लावलेलं.